गवताचा गुण हवा, गवत नको

दौंड तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंनी विचारलंय: "जानेवारीत गव्हावर मावा आला, दोन फवारण्या कराव्या लागल्या. रानगवतातलं जनुक गव्हात घातलं की कीड लागत नाही असं ऐकलं. तसं बियाणं पुण्यात कुठे मिळेल? ते जीएम असतं का? आणि एवढं सगळं माहीत आहे, तर तुम्हा मंडळींना इतकी वर्षं का लागतात?"

मी गहू पैदासकार म्हणून तेहतीस वर्षं काढली, बहुतेक पुणे जिल्ह्यातच. तेव्हा आधी थोडक्यात सांगतो आणि मग ऐसपैस बोलतो. रानगवताचं जनुक घालून मावा लागतच नाही असा केलेला गव्हाचा वाण आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही. त्या नावाखाली कोणी पिशवी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. तांबेऱ्याची, म्हणजे पानं-खोड गंजल्यासारखी करणाऱ्या बुरशीरोगाची, गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे गवताच्या जनुकांनी मोठं काम केलंय, आणि अशा गव्हाची पोळी तुम्ही नकळत खाल्लीही असेल. ते जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं, नव्हे. वेळेचं म्हणाल, तर गवताचं जनुक गव्हात आणायला फार वेळ लागत नाही. त्याच्यासोबत आलेलं बाकीचं गवत परत घालवायला लागतो. माझ्या नोकरीतला बराच काळ या घालवण्यातच गेला.

"गवत" म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बांधावरची हरळी चालेल का? नाही चालणार. हरळी, पवना, कुंदा ही गव्हाची नावापुरती भाऊबंद. लव्हाळा तर गवतच नव्हे. गव्हाचे खरे नातेवाईक तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराणच्या डोंगरउतारांवर वाढतात. त्यांतही सख्खे, चुलत आणि फक्त लग्नपत्रिका पाठवण्यापुरते असे प्रकार आहेत, आणि कोणाकडून काय मागता येईल ते त्या नात्यावर ठरतं.

कारण गहू मुळातच तीन गवतांचं एकत्र कुटुंब आहे. दोन रानगवतांचा संकर होऊन अठ्ठावीस गुणसूत्रांचा गहू झाला. आपली खपली आणि बन्सी त्या वळणाची. मग आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे कुठेतरी, अशाच गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवलेल्या एजिलॉप्स टॉशी नावाच्या गवताचे पराग त्याच्यावर पडले आणि बेचाळीस गुणसूत्रांचा आजचा पोळीचा गहू जन्मला. हा योग इतिहासात मोजक्याच वेळा जुळून आला. त्यामुळे त्या गवताच्या हजारो प्रकारांपैकी मूठभरांचेच गुण गव्हात उतरले आणि बाकीचे डोंगरातच राहिले. ते तिथे हजारो वर्षं किडींशी, बुरशींशी झगडत आले. आपण गव्हाला पाणी दिलं, खत दिलं, गोठ्यातल्या जनावरासारखं जपलं. गवताला कोणी जपलं नाही, म्हणून त्याच्याकडे हत्यारं शिल्लक आहेत.

या एजिलॉप्स टॉशीकडून हेसियन माशीला (ही कीड आपल्याकडे नाही, अमेरिकेत आहे), हिरव्या माव्याच्या एका जातीला आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना रोखणारी जनुकं गव्हात आणली गेली आहेत. तो सख्ख्यातला. त्याची गुणसूत्रं गव्हातल्या एका संचाशी सरळ जुळतात, म्हणून देवाणघेवाण सोपी. एजिलॉप्सच्या बाकीच्या जाती चुलत. आणि लांबचे म्हणजे राय, थायनोपायरम, हेनाल्डिया. राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे, युरोपात भाकरीसाठी पिकवतात ते धान्य. आणि थायनोपायरमला इंग्रजीत व्हीटग्रास म्हणतात म्हणून सकाळी बागांबाहेर मिळणारा गव्हांकुराचा रस डोळ्यांपुढे आणू नका. हे पुरुषभर उंच, सत्तर गुणसूत्रांचं, वर्षानुवर्षं टिकणारं गवत आहे.

सख्ख्यांची गोष्ट निघालीच आहे तर खपलीला डावलून पुढे जाववत नाही. सातारा-सांगलीकडे आणि खाली कर्नाटकात पिकणारी ही खपली. पुण्यात आता मधुमेहवाले ती दुप्पट भावाने घेतात. तांबेऱ्याच्या जगात मात्र तिचं नाव शंभर वर्षांपूर्वीच गेलं होतं. अमेरिकेत एल्विन स्टॅकमन यांनी खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा जो संच बांधला, त्यात एकाचं नाव सरळ "खपली" असंच आहे. पुढे ऑस्ट्रेलियात खपलीचा त्यांच्या स्टाइनवेडेल गव्हाशी संकर करून "खपस्टाइन" तयार झाला. त्यातलं एसआर १३ हे जनुक (एसआर म्हणजे काळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुकं) आफ्रिकेतल्या कुप्रसिद्ध युजी ९९ तांबेऱ्यावरही चालतं. आमच्या पिढीत परदेशातून बियाण्याचं पाकीट आलं की टेबलाभोवती गर्दी व्हायची. त्यातल्या काहींच्या वंशावळीत खपली निघाली की मी गालातल्या गालात हसायचो. घरचंच लेकरू परदेशी शिकून परत आलेलं!

आता प्रत्यक्ष संकर. कन्या शेतकी महाविद्यालयात आहे असं लिहिलंयत, तिच्यासाठी जरा खोलात जातो.

पहिली अडचण पुण्याची हवा. रानगवताच्या कित्येक प्रकारांना फुलोऱ्यावर येण्यासाठी कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडे ते नुसते पसरतात, ओंबीच धरत नाहीत. म्हणून अंकुरलेलं बी चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं आणि मग कुंडीत लावायचं. तरी गव्हाचा आणि गवताचा फुलोरा एका वेळी येईल याची खात्री नाही, म्हणून गहू दर आठ-दहा दिवसांनी टप्प्याटप्प्यात पेरायचा. एवढं करून गवताला ओंबी आली की लगेच पिशवी बांधायची. रानगवताची ओंबी पिकली की सांध्यांतून आपोआप तुटते आणि बी मातीत पसरतं. एका वर्षी माझ्याकडून दोन दिवसांची हयगय झाली, तर पुढची तीन वर्षं त्या वाफ्यातून एजिलॉप्स उपटत होतो.

गव्हाची ओंबी पोटरीतून बाहेर आली की वरची-खालची कणसुलं काढून टाकतो आणि मधल्यांची टोकं कात्रीने छाटतो. प्रत्येक फुलात तीन पुंकेसर असतात, ते हिरवे असतानाच चिमट्याने काढायचे. पिवळे झाले की उशीर झाला. मग बटरपेपरची पिशवी, टाचणी, तारीख लिहिलेली चिठ्ठी. दोन-तीन दिवसांनी सकाळी फुलातल्या स्त्रीकेसराचा कुंचला पिसासारखा उमलला की त्यावर गवताचे पराग. गव्हावर गहू असेल तर शंभर फुलांत साठ-सत्तर दाणे सहज धरतात. गव्हावर राय असेल तर आपल्या वाणांत एखाददुसरा, तोही सुरकुतलेला. गव्हात परक्याचे पराग नाकारणारी जनुकं असतात. चीनच्या सिचुआनमधल्या एका साध्या, कमी उत्पन्नाच्या गव्हात ती निकामी आहेत. म्हणून "चायनीज स्प्रिंग" हा गहू जगभरच्या प्रयोगशाळांत मधला मध्यस्थ झालाय. शेतात त्याला कोणी विचारणार नाही, पण त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

दाणा धरला तरी तो स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. दोन परक्या कुळांच्या मिलनातून झालेल्या भ्रूणाला दाण्यातलं पीठ पोसत नाही, ते आक्रसतं. म्हणून परागीकरणानंतर बारा-पंधरा दिवसांनी दाणा फोडायचा, सूक्ष्मदर्शकाखाली टाचणीच्या डोक्याएवढा भ्रूण अलगद उचलायचा आणि साखर-क्षारांच्या जेलीवर नळीत वाढवायचा. ही कामं निर्जंतुक कपाटात, थंड खोलीत होतात. एका उन्हाळ्यात मी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथली वीज शनिवारी रात्री गेली, जनरेटरची किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि सोमवारी सकाळी दोन हंगामांचे भ्रूण बुरशीने पांढरे झालेले दिसले. त्यातला एक संकर मला पुन्हा कधीच जमला नाही.

भ्रूण जगला, रोप झालं, तरी ते वांझ. गव्हाची एकवीस आणि रायची सात अशी अठ्ठावीस गुणसूत्रं, पण जोडीदार कोणालाच नाही. मग कोल्चिसीन लावून संख्या दुप्पट करायची. हे द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीतही असतं, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी ती वेल. गहू आणि राय यांच्या अशा दुप्पट केलेल्या संकरातूनच ट्रिटिकेल नावाचं धान्य निघालं.

इथपर्यंत सगळं मिळून फार तर दोन-तीन वर्षं. वर्तमानपत्रात बातमी साधारण याच टप्प्यावर येते आणि लोकांना वाटतं झालं काम!

या झाडात रायचे किंवा गवताचे सगळे गुण आहेत. बुटकेपणा गेला, दाणा बारीक, मळणीला कठीण, ओंबी ठिसूळ. म्हणून त्याचा गव्हाशी पुन्हा पुन्हा संकर करायचा. प्रत्येक वेळी परक्याचा हिस्सा निम्मा होतो: अर्धा, पाव, दोन आणे. पाच-सहा पिढ्यांनी दोन-तीन टक्के उरतो. कागदावर हिशेब छान दिसतो. अडचण अशी की परकं गुणसूत्र गव्हाच्या गुणसूत्रांशी तुकड्यांची अदलाबदल करतच नाही. ते एक तर अखंड राहतं किंवा अखंड हरवतं. गव्हाच्या ५बी गुणसूत्रावर पीएच१ नावाचं जनुक आहे, ते एखाद्या कर्मठ आजोबांसारखं बघत असतं की प्रत्येकाने स्वतःच्याच जोडीदाराशी जुळावं, शेजारच्या घरात डोकावू नये. १९५०च्या दशकाच्या शेवटी हे उलगडलं. हा पहारा नसता तर बेचाळीस गुणसूत्रांच्या गव्हाची पिढी स्थिर राहिली नसती. म्हणजे ज्याच्यामुळे गहू गहू राहिला, तोच आमच्या वाटेत आडवा!

वाट पहिल्यांदा काढली अमेरिकेतल्या अर्नेस्ट सिअर्स यांनी, १९५६ मध्ये. त्यांना एजिलॉप्स अंबेल्युलाटा या गवतातलं पानावरच्या तांबेऱ्याविरुद्धचं जनुक हवं होतं. थेट संकर जमेना, म्हणून खपलीच्या रानटी भावंडाला मध्ये घातलं. गवताचं एक जादा गुणसूत्र असलेला गहू तयार केला आणि त्यावर क्ष-किरण मारले, या आशेने की गुणसूत्रं तुटतील आणि चुकून एखादा तुकडा गव्हाला जाऊन चिकटेल. त्या परागांपासून सहा हजारांवर रोपं वाढवली. त्यात तांबेरा न येणारी एकशे बत्तीस, आणि त्यातून खऱ्या अर्थाने कामाचं निघालं एक! पुढे याच सिअर्सनी १९७७ मध्ये पीएच१ हरवलेला गहू दिला, त्यामुळे किरणांच्या लॉटरीवरचं अवलंबन कमी झालं. आता तुकडा नेमका केवढा आहे हे रंगीत चकाकीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं आणि डीएनएच्या खुणांनी बियाणं चाळता येतं. तरी मुळात ते कामच चाळणीचं.

काही परकी गुणसूत्रं तर जायलाच तयार नसतात. एजिलॉप्स शॅरोनेन्सिसचं एक गुणसूत्र असं आहे की ते ज्या परागात किंवा बीजांडात नसेल ते मरतं. साहजिकच पुढच्या पिढीत तेच ते उरतं. त्याला "कोकिळा गुणसूत्र" म्हणतात, आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालणारी कोकिळा लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जनुकाशेजारी चिकटून काय येतं, याचा मला आलेला अनुभव सांगतो. थायनोपायरममधून आणलेलं एलआर १९ हे पानावरच्या तांबेऱ्याविरुद्ध दणकट जनुक. त्याच तुकड्यावर काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं एसआर २५ सुद्धा आहे, म्हणजे एकावर एक मोफत. आमच्याकडे त्याची एक लाइन, म्हणजे चाचणीतला एक वंश होता, सहावी पिढी. प्लॉट असा स्वच्छ की शेजारच्या ओळी तांबेऱ्याने गंजलेल्या आणि ही हिरवीगार. मी खूश होऊन दोन किलो दळून घरी नेलं. पोळ्या पिवळ्या झाल्या. बायकोने विचारलं, "यात हळद घातलीय का बेसन?" पाहुण्यांनीही एकेक खाऊन हात आखडला. गवताच्या त्या तुकड्यावर पीठ पिवळं करणारं जनुकही बसलेलं आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ताटात बघितल्यावर पटलं. कॅनडात नॉट यांनी रसायनाचा वापर करून त्या तुकड्यातला पिवळेपणा कमी केलेल्या लाइनी काढल्या, पुढे त्याच वापरल्या गेल्या. गंमत म्हणजे बन्सीच्या जातीत हाच पिवळा रंग हवा असतो, कारण रवा आणि शेवया पिवळसर दिसल्या की गिऱ्हाईक खूश. दोष कुठला आणि गुण कुठला, हे शेवटी स्वयंपाकघर ठरवतं.

अशी उदाहरणं भरपूर. थायनोपायरममधलंच एलआर २४ पहिल्यांदा आलं ते लाल दाण्यासोबत. अमेरिकेत लाल गहू चालतो. आपल्या मार्केट यार्डात भुसार व्यापारी मूठभर गहू तळहातावर घेऊन बघतो, त्याला सोनेरी, टपोरा, चकाकणारा दाणा लागतो. लाल दिसला की तो पुढे सरकतो. पांढऱ्या दाण्याच्या लाइनी वेगळ्या निवडल्यावरच ते जनुक आपल्या कामाचं झालं. रायचा जो तुकडा जगभर सर्वात जास्त पसरला, १बी गुणसूत्रावर बसलेला, त्याने तिन्ही तांबेरे (पानावरचा, खोडावरचा काळा आणि पिवळा) आणि भुरी हा बुरशीरोग यांविरुद्ध जनुकं दिली आणि उत्पन्नही चांगलं. पण त्याच्यासोबत रायची प्रथिनं आली, त्यामुळे कणीक चिकट होते आणि पाव नीट फुगत नाही. लोकवन गव्हाची सवय लागलेल्या पुणेकराला कणकेतला एवढासा फरकही कळतो. ("लोकवन" हे मूळचं "लोक-१", गुजरातेतल्या सणोसऱ्याचा वाण. आपण त्याचं वन केलं.)

आता माव्याकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच होता.

झाड किडीला तीन प्रकारे तोंड देतं. किडीला ते बसायलाच आवडत नाही, हा एक प्रकार. दुसऱ्यात बसली, रस प्याली, तरी तिची वाढ खुंटते आणि पिल्लं कमी होतात. तिसऱ्यात कीड मजेत राहते पण झाडाला फारसं जाणवत नाही. कॅन्ससच्या रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ मध्ये केलेली ही वाटणी अजूनही आम्ही वापरतो. गवतांतून आलेली माव्याविरुद्धची जनुकं बहुतेक दुसऱ्या प्रकारची, म्हणजे किडीला थेट मारक. ऐकायला हाच प्रकार सर्वांत चांगला वाटतो, पण तोच लवकर मोडतो.

का ते बघा. माव्याची मादी नराशिवाय, अंड्याशिवाय, थेट जिवंत पिल्लं घालते. आठवडा-दहा दिवसांत ती पिल्लं पुन्हा घालायला लागतात. कोट्यवधी माव्यांत एखाद्याला त्या जनुकाचा त्रास होत नसेल, तर पंधरवड्यात शेतात तोच उरतो. अमेरिकेत हे अगदी असंच घडलं. ओक्लाहोमात राय आणि ट्रिटिकेलवरून क्ष-किरणांच्या मदतीने हिरव्या माव्याविरुद्धचं जीबी२ जनुक गव्हात आणलं आणि १९७०च्या दशकात "अमिगो" नावाने दिलं. पैदासकारांनी ते आपापल्या वाणांत घ्यायला सुरुवात केली, तोवर १९८०च्या सुमारास माव्याचा ई नावाचा नवा प्रकार आला, ज्याला जीबी२ ची पर्वाच नव्हती. मग एजिलॉप्स टॉशीतलं जीबी३ शोधावं लागलं. अमिगोमधला रायचा तुकडा मात्र वाणांत राहिला, कारण त्यावर भुरीविरुद्धचं जनुक होतं आणि कोरड्या वर्षात झाड तग धरायचं. ज्याच्यासाठी आणला ते काम बंद, पण बिऱ्हाड तिथेच!

तांबेऱ्यातही हेच झालं, फक्त सावकाश. रायच्या त्याच १बी तुकड्यावरचं एसआर ३१ तीसेक वर्षं टिकलं. पंजाब-हरियाणात लाखो हेक्टरांवर गेलेल्या, १९९५च्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही ते होतं. १९९८ मध्ये युगांडात त्याला मोडणारा तांबेरा सापडला, तोच युजी ९९. म्हणून एकट्या जनुकावर विसंबायचं नाही, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणची एकत्र बांधायची, आणि शक्य तर त्यांच्याखाली एसआर २ सारखं हळू, अर्धवट पण चिवट काम करणारं जनुक ठेवायचं. एसआर २ सुद्धा खपलीच्याच जातकुळीतलं. रशियाच्या यारोस्लाव्ह प्रकारातून एडगर मॅकफॅडन यांनी ते पोळीच्या गव्हात आणलं. त्याची एक खूण अशी की पिकताना ओंबीची टरफलं काळपट होतात. शेतकरी ती बघून घाबरतो आणि बुरशीनाशक मारतो. शिबिरांत मी दरवर्षी सांगायचो, ती काळी झाक बघून फवारू नका हो, तो रोग नाही, जनुकाची सही आहे!

माव्यात असे थर रचणं तांबेऱ्यापेक्षा अवघड का? तांबेरा मोजायला सोपा. पानावर पुटकुळ्या आल्या किंवा नाही आल्या. महाबळेश्वरच्या गहू तांबेरा संशोधन केंद्रात थंड-दमट हवेत तांबेरा हुकमी आणता येतो. माव्यासाठी मलमलीच्या पिंजऱ्यात रोप ठेवून त्यावर पाच मावे सोडायचे आणि दहा दिवसांनी पिल्लं मोजायची. आज ढग, उद्या ऊन, की आकडे बदलले. त्यात आपल्या गव्हावर येणारा मावा एक नाही, दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. एका जातीला थोपवणारं जनुक दुसरीला ओळखतही नाही. अमेरिकेचं जीबी३ आणून इथे लावलं म्हणून तुमच्या दौंडच्या ओंबीवरचा मावा हटेल असं नाही. आणि शेवटचं, जरा कडवट: पैदास केंद्रात हात मोजके असतात. तांबेऱ्याने सबंध पीक जातं, माव्याने काही वाटा. अशा वेळी आधी कुणाकडे लक्ष द्यायचं हे ठरवावं लागतं, आणि आम्ही तांबेराच निवडला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

जीएमचं थोडक्यात सांगतो. वर सांगितलेलं सगळं मुळात पराग आणि फूल यांचं काम आहे, फार तर किरणांची किंवा रसायनाची मदत. बाहेरचं जनुक प्रयोगशाळेत कापून गव्हात सोडलेलं नाही. म्हणून त्याला जीएमचे नियम लागत नाहीत आणि लागूही नयेत, असं माझं मत. जीएमच्या वाटेने माव्यावर एक मोठा प्रयोग झालाय, इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला. मावा घाबरला की जो वास सोडतो, तोच वास गव्हानेच सोडावा असा गहू त्यांनी बनवला. प्रयोगशाळेत मावा पळाला. शेतात २०१२-१३ मध्ये काहीच फरक पडला नाही. एक अंदाज असा की वास सतत येत राहिला तर मावा त्याला सरावतो, रोज लांडगा आला ओरडणाऱ्या पोराच्या गोष्टीसारखा. जीएम असो वा गवत, किडीशी गाठ पडली की कागदावरचं गणित शेतात तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

वर्षांचा हिशेब मागितलात म्हणून: संकर आणि भ्रूण दोन वर्षं, तुकडा सुटा करणं तीन ते पाच, स्थानिक वाणात उतरवणं पाच-सहा पिढ्या. पिढ्या लवकर घेण्यासाठी उन्हाळ्यात बियाणं निलगिरीतल्या वेलिंग्टनला किंवा लाहौलच्या दलंग मैदानला पाठवतो, तेव्हा वर्षाला दोन पिढ्या मिळतात. हल्ली दिव्यांखाली बावीस तास उजेड देऊन चार-पाचही घेतात. मग अखिल भारतीय चाचण्यांत तीन वर्षं, आणि बियाणं वाढवायला आणखी दोन. बारा-पंधरा वर्षं कुठे जातात ते कळलं असेल.

मग यंदा काय करायचं? गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. तुमच्या पत्रात ऊस तुटल्यावर पेरणी झाल्याचं आहे, म्हणजे डिसेंबर उजाडला असणार. उशिराचं पीक कोवळं असतानाच जानेवारीची ढगाळ थंडी गाठते आणि माव्याला तेच हवं असतं. ऊस उशिरा निघणार असेल तर निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा किंवा आघारकर संस्थेचा उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेला वाण निवडा, वेळेवरचा वाण उशिरा पेरू नका. (आघारकर संस्था पुण्यात आगरकर रस्त्यावर आहे. नावं सारखी, माणसं वेगळी. रिक्षावाल्याला रस्ता सांगा.) युरिया एकदम ओतू नका. काळाशार, लुसलुशीत गहू माव्याला लांबूनच बोलावतो. मावा आधी बांधाकडच्या ओळींत दिसतो, तेव्हा रोज फेरी मारा आणि सुरुवातीला तेवढ्याच पट्ट्यावर निंबोळी अर्क किंवा व्हर्टिसिलियम लेकॅनी फवारा. ओंबीवर मावा खाणारे लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या, काटेरी अळ्या दिसत असतील तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजा. त्या अळ्यांना कीड समजून मारणारे मी बरेच पाहिलेत. दुसरी फवारणी केलीत ती बहुधा पहिलीने ढालकिडे मेल्यामुळे करावी लागली.

आणि कन्येला संकर बघायचा असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठच्या आत कळवून या. येताना बारीक टोकाचा चिमटा आणा, माझे सगळे आता वाकलेत.